जुनी स्वस्त व्होल्वो किंवा साब घ्यायची असेल तर आधी पत्रा बघा, मग फाईल, किलोमीटर सगळ्यात शेवटी

नोकरीनिमित्त स्वीडनला आलेली आपली बरीच मंडळी, खास करून गोटेबर्गला असलेली, एक-दोन हिवाळे काढले की जुन्या स्वीडिश गाड्यांकडे वळून वळून बघायला लागतात. माझं म्हणणं, नुसतं बघत बसू नका, घ्या. ह्या गाड्या जिथे बनल्या तिथेच तुम्ही राहताय, पार्ट इथे मिळतात, हात लावणारे मेकॅनिक इथे आहेत, आणि साधी चालू स्थितीतली जुनी व्होल्वो व्ही७० किंवा साब ९-५ अजूनही साधारण १५ ते ३० हजार क्रोनरमध्ये मिळून जाते. फक्त आवडीने घेणाऱ्याने काय बघायचं ते नीट माहीत पाहिजे, नाहीतर गाडी स्वस्त पडते आणि पुढचे सहा महिने गॅरेज महाग पडतं.

थोडी पार्श्वभूमी, कारण पार्टचा सगळा हिशोब तिच्यावर आहे. आपल्याकडे व्होल्वो म्हटलं की शिवनेरी आठवते, पण बस-ट्रकवाली व्होल्वो आणि कारवाली व्होल्वो १९९९ पासून वेगळ्या कंपन्या आहेत, कारवाली तेव्हा फोर्डकडे गेली आणि २०१० मध्ये चीनच्या गीलीकडे. ती धडधाकट चालू आहे त्यामुळे पार्टची काळजी कमी. साबचं तसं नाही, ट्रोलहेटनची साब कंपनी १९ डिसेंबर २०११ ला दिवाळखोरीत गेली. पण तिचा पार्टचा धंदा ओरिओ नावाने चालू राहिला, म्हणून फिल्टर, ब्रेक, बुश, सेन्सर असं रोजचं सामान साबसाठीही मिळतं. अडतं ते आतल्या प्लास्टिकच्या वस्तू, काही बॉडी पार्ट आणि कंट्रोल मॉड्यूलवर, तिथे मग भंगारातल्या गाड्या शोधाव्या लागतात.

आता कुठली घ्यायची. व्होल्वो २४० सगळ्यांना हवी असते आणि का नसावी, १९७४ ते १९९३ एवढी वर्षं बनली, २८ लाखांच्या वर बनली, आणि तिचं चार सिलिंडरचं इंजिन, ज्याला सगळे रेडब्लॉक म्हणतात, ते नीट तेलपाणी केलं तर कंटाळत नाही. त्यात साधं ८ व्हॉल्व्हचं बी२३० असेल तर टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, नवीन बेल्ट घाला आणि निघा. पण चांगली २४० आता स्वस्त राहिलेली नाही. तेच इंजिन आणि तोच मागच्या चाकांचा ड्राइव्ह पाहिजे असेल तर ७४० किंवा ९४० बघा, दिसायला पेटीसारखी चौकोनी, पण माझ्या मते पैशाच्या मानाने सगळ्यात शहाणा सौदा हाच, ९४० तर १९९८ पर्यंत बनत होती. १६ व्हॉल्व्हवालं बी२३४ मात्र वेगळं प्रकरण, त्यात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात, ते लक्षात ठेवून घ्या.

८५० (१९९१ ते १९९७) आणि तिच्यानंतरची व्ही७० म्हणजे पाच सिलिंडरचं आडवं बसवलेलं इंजिन आणि पुढच्या चाकांचा ड्राइव्ह. आवाज इतका छान की त्यासाठी घ्यावी. ह्याच ८५० ची इस्टेट बॉडी, म्हणजे मागे सामानासाठी छत लांब ओढलेली, व्होल्वोने १९९४ ला ब्रिटिश टूरिंग कारच्या शर्यतीत उतरवली होती. रोजच्या वापराला, पोरंबाळं आणि आठवड्याचा बाजार भरायला, हीच बरी. साबमध्ये जुनी क्लासिक ९०० (१९७८ ते १९९३, उघड्या टपाची १९९४ पर्यंत) आता संग्राहकांच्या भावात गेली, विशेषतः टर्बो. बजेटवाल्याने पहिल्या पिढीची ९-५ किंवा १९९८ ते २००३ मधली ९-३ बघावी. ९-५ चं ३.० लिटरचं व्ही६ डिझेल इंजिन असेल तर फुकट दिली तरी नको म्हणा.

जाहिराती बहुतेक ब्लॉकेट ह्या इथल्या खरेदी-विक्रीच्या साइटवर असतात. तिथे मायलेज 'मिल'मध्ये लिहितात, एक मिल म्हणजे १० किलोमीटर, त्यामुळे २८ हजार मिल वाचून खूश होऊ नका, ती गाडी २ लाख ८० हजार किलोमीटर चाललेली आहे. आणि तसं असलं तरी घाबरूही नका, ह्या गाड्यांना तो आकडा मोठा नाही. शिवाय २४० आणि ७४० च्या मीटरमधला छोटा प्लास्टिकचा गिअर तुटतो आणि आकडा वर्षानुवर्षं एकाच जागी थांबलेला असतो, म्हणजे मीटरवर विश्वास ठेवायचा प्रश्नच नाही. टेस्ट ड्राइव्हला मीटर पुढे सरकतोय का ते बघून घ्या.

खरं बघायचं ते दोन ठिकाणी. पहिलं पत्रा.

इथे दक्षिणेला आणि पश्चिम किनाऱ्यावर हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात आणि गंज आतून सुरू होतो, वरून रंग चकाचक असतो. उत्तरेकडच्या, नॉर्लांडच्या गाड्या ह्या बाबतीत बऱ्याचदा सरस निघतात, कारण कडक थंडीत मीठ काम करत नाही म्हणून तिथे वापर कमी, त्यामुळे लांबची गाडी म्हणून जाहिरात लगेच सोडून देऊ नका. गाडी बघायला दिवसाउजेडी जायचं, पाऊस नसताना, अंगावर खराब झाली तरी चालेल अशी पँट घालून, कारण खाली झोपायचंय. सोबत टॉर्च, छोटं लोहचुंबक आणि जाड मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. जॅक लावायच्या जागी आणि दाराखालच्या पट्टीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हळूहळू ठोकत पुढे सरका. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला ठस्सकन बसका आवाज करतो आणि आतून गंजाची पूड खाली पडते. काळं अंडरकोटिंग ताजं ताजं मारलेलं दिसलं तर तिथे दुप्पट वेळ घालवा. लोहचुंबक जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे.

२४० मध्ये ह्याशिवाय बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या काचेच्या कडा, मागच्या दरवाजाची खालची कड, आणि इस्टेट असेल तर डिकीतलं कार्पेट उचलून स्पेअर व्हीलचा खड्डा बघा, तिथे पाणी साचतं. मागचा दरवाजा उघडझाप करताना मागचा वायपर आणि नंबर प्लेटचा दिवा चालतोय का बघा, बिजागरीपाशी वायरी तुटतात. १९८० च्या दशकातल्या, साधारण ८७ पर्यंतच्या गाड्यांमध्ये इंजिनच्या वायरिंगचं आवरण हात लावला की भुगा होतं, हार्नेस बदललाय का ते विचारा. हीटरचा पंखा सगळ्या स्पीडवर चालवून बघाच, कारण तो बदलायला जवळजवळ अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो आणि इथल्या जानेवारीत हीटरशिवाय गाडी म्हणजे काहीच नाही.

दुसरं म्हणजे फाईल. स्वीडिश मालक कागद जपून ठेवतात, जुन्या गाडीबरोबर जाड फोल्डर येतो आणि त्यात पावत्या, सर्व्हिस बुक, दरवेळच्या बेसिक्टनिंगचे म्हणजे इथल्या फिटनेस तपासणीचे रिपोर्ट असतात. घाई करू नका, मालकाच्या स्वयंपाकघरात कॉफी घेत अर्धा तास बसून वाचा, ते लोक आनंदाने बसू देतात. रिपोर्टवर किलोमीटर लिहिलेले असतात, तारखेनुसार लावले की खरी कहाणी कळते. टायमिंग बेल्टची पावती शोधा, कारण पाच सिलिंडरवाल्या व्होल्वोत बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकून हेडचं काम निघतं, आणि ते गाडीच्या किमतीएवढं जातं. 'बदललाय बहुतेक' हे उत्तर म्हणजे बदललेला नाही असं धरायचं आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगायचे. गाडीचा नंबर टाकला की ट्रान्सपोर्टस्टिरेल्सनच्या, म्हणजे इथल्या आरटीओसारख्या खात्याच्या साइटवर तपासणी कधीपर्यंत आहे, गाडी रस्त्यावर आहे की बंद म्हणून नोंदवलीय, चालवायला बंदी आहे का, हे सगळं फुकट दिसतं, जायच्या आधीच बघून घ्या.

दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर आणि पूर्ण फाईल असलेली गाडी, दीड लाख किलोमीटर आणि एकही कागद नसलेल्या गाडीपेक्षा मी कधीही आधी घेईन.

इंजिन थंडच पाहिजे. फोन करतानाच सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका, आणि गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. थंड सुरू करताना सायलेन्सरकडे एकाला उभं करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, जाड पांढरा गोडसर वासाचा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जातंय. मग गरम होऊ द्या आणि पाच सिलिंडर व्होल्वोची एक सोपी परीक्षा करा, ऑइल भरायचं झाकण काढून त्या तोंडावर पातळ रबरी ग्लोव्ह धरा. आत ओढला गेला तर ठीक, फुगायला लागला तर क्रँककेसचं ब्रीदिंग, म्हणजे इंजिनच्या पोटातले वायू बाहेर काढायची वाट, चोक झालंय, ते काम मध्यम खर्चाचं आहे पण तसंच चालवलं तर ऑइल सील जातात. रेडब्लॉकमध्येही हाच आजार असतो, फक्त तिथे फ्लेम ट्रॅप नावाची छोटी जाळी साफ केली की बऱ्याचदा भागतं. १९९९ ते २००१ च्या आसपासच्या व्ही७० मध्ये इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल खराब होणं ठरलेलं, आयडलिंग वरखाली होत असेल तर तेच समजा. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्स पूर्ण गरम झाल्यावर चालवून बघा, गिअर बदलताना धक्का किंवा मध्येच इंजिन मोकळं ओरडणं म्हणजे पुढे खर्च आहे.

साब ९-५ ची मेख ऑइलमध्ये आहे. १९९८ ते २००३ च्या चार सिलिंडर टर्बोत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या अगदी जवळ, तिथलं ऑइल भाजतं, आणि ब्रीदिंगही कमी, त्यामुळे आत काळा चिकट गाळ जमतो आणि ऑइल ओढणारी जाळी बंद होते. कंपनीने २००४ च्या सुमाराला ब्रीदिंग सुधारलं. म्हणून दोन प्रश्न विचारा, चेंबर उतरवून जाळी साफ केलीय का आणि ब्रीदिंगचं सुधारित किट बसवलंय का, पावतीसकट. झाकण काढून टॉर्चने आत बघा, धातू दिसला पाहिजे, डांबर नाही. गरम आयडलिंगला ऑइलचा दिवा एकदा जरी लुकलुकला तर नमस्कार करून घरी या. ह्या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, ही जमेची बाजू. अजून एक, प्लगच्या वर बसते ती इग्निशनची लांब कॅसेट, ९-५ मध्ये काळी, त्याआधीच्या साब ९००० मध्ये लाल, ती न सांगता जाते आणि गाडी रस्त्यात उभी राहते. जुन्या साबवाल्याच्या डिकीत जास्तीची कॅसेट हमखास असते, सौद्यात ती मागून घ्या. घ्यायची वेळ आलीच तर अस्सल घ्या, स्वस्तातली टिकत नाही.

क्लासिक ९०० परवडत असेल तर तिचा गिअरबॉक्स ऐका. इंजिन त्यात उलटं बसवलंय, क्लच पुढे आणि गिअरबॉक्स खाली, त्यामुळे क्लच बदलणं सोपं पण गिअरबॉक्सला हात लावायचा तर इंजिन बाहेर. गिअर निसटत असेल किंवा रडल्यासारखा आवाज येत असेल तर सोडा. मॅन्युअल गाडी बंद करताना रिव्हर्स टाकल्याशिवाय दोन सीटांमधली चावी निघत नाही, तो बिघाड नाही, तशीच आहे ती.

व्यवहाराचं थोडक्यात. खाजगी मालकाकडून घेतली तर बघून घ्यायची जबाबदारी तुमची, जे बघून दिसलं असतं त्याबद्दल नंतर भांडता येत नाही. डीलरकडे हक्क जास्त असतात पण किंमतही जास्त. नाव बदलायला नोंदणीपत्राचा पिवळा भाग लागतो, बँकआयडीने (इथली मोबाइलवरची डिजिटल ओळख) ऑनलाइनही होतं. इन्शुरन्स त्याच दिवसापासून पाहिजे, एक दिवस जरी गाडी विनाइन्शुरन्स रस्त्यावर नोंदलेली राहिली तरी त्याचा दंड दिवसागणिक आणि भरमसाट लागतो. आपलं भारतीय लायसन्स इथे रहिवासी म्हणून नोंद झाल्यापासून एकच वर्ष चालतं, तेही बघा. डिसेंबर ते मार्च हिवाळी परिस्थितीत विंटर टायर सक्तीचे, म्हणून गाडीबरोबर चांगला दुसरा सेट मिळत असेल तर तो किमतीत धरा. ३० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला वाहन कर लागत नाही, म्हणजे ८५० आता त्या यादीत यायला लागल्यात. आणि परत जाताना गाडी पुण्याला नेऊ असं डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका, ३ वर्षांपेक्षा जुनी आणि वर डाव्या स्टीअरिंगची गाडी भारतात आणता येत नाही.

घरी आणल्यावर पहिल्या महिन्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल आणि ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल, हे सगळं बदला, आधीच्या मालकाने काहीही सांगितलेलं असो. साबला फुल सिंथेटिकच घाला आणि पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतराने बदला. बेल्टची पावती नसेल तर पहिलं काम बेल्टचं, सोबत वॉटर पंप आणि टेन्शनरही. मग उन्हाळ्यात, ऑगस्टच्या आत, गाडी खालून धुऊन पूर्ण वाळवून आतल्या पोकळ भागांत गंजरोधक मेण मारून घ्या, सप्टेंबर उजाडला की सगळ्यांना तेच आठवतं आणि नंबर लागत नाही.