युरोपची फॅमिली ट्रिप: प्लॅनिंगमधल्या या चुका टाळा

उन्हाळ्यात युरोपला जायचं ठरलं की पहिल्याच आठवड्यात एक एक्सेल शीट तयार होते आणि त्यात १४ दिवसांत सात देश असतात. आमची पण तशीच होती. पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, म्युनिक, साल्झबर्ग, व्हेनिस, रोम आणि मध्ये कुठेतरी स्वित्झर्लंड, बरोबर ६ आणि ११ वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई. तिकिटं काढायच्या आधी मी एका रात्री बसून प्रत्येक दिवसाचे तास लिहून काढले, म्हणजे किती वाजता रूम सोडणार, किती वाजता पुढच्या रूमची किल्ली हातात पडणार, आणि तेव्हा दिसलं की निम्मे दिवस बॅगा ओढण्यातच जातायत.

सगळ्यात मोठी चूक हीच आहे, की आपण फक्त ट्रेनचा वेळ मोजतो. पॅरिस ते अ‍ॅमस्टरडॅम ट्रेन साधारण साडेतीन तासांत जाते, ऐकायला मस्त वाटतं, पण सकाळी पॅकिंग, चेकआउट, मेट्रोच्या पायऱ्या, स्टेशनवर अर्धा-पाऊण तास आधी पोचणं, उतरल्यावर पुन्हा ट्राम आणि दुपारी तीनच्या आधी चेकइन नाही, असं सगळं धरलं की तो दिवस गेला म्हणायचं. लहान मुलं नाहीतर वयस्कर माणूस बरोबर असेल तर संध्याकाळी पण फार काही होत नाही. म्हणून देश मोजू नका, रात्री मोजा. एका ठिकाणी कमीत कमी तीन रात्री, मोठ्या शहरात चार. १४ रात्रींमध्ये चार ठिकाणं बसतात, त्याच्यावर नाही. आम्ही शेवटी पॅरिस ४, स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन ४, फ्लॉरेन्स ३, रोम ३ असं केलं, तीन देश झाले आणि कुणालाच काही राहून गेल्यासारखं वाटलं नाही.

यातच दुसरी गोष्ट, जिथे उतरलो तिथूनच परत यायचं असं धरून चालू नका. पॅरिसला उतरून रोमहून परत निघालात तर उलटा प्रवास वाचतो. फ्लाइट शोधताना मल्टी-सिटीचा ऑप्शन घ्या, बरेचदा रिटर्न तिकिटापेक्षा फार महाग नसतं. आणि स्वस्त फ्लाइट दिसली की विमानतळ नक्की कुठे आहे ते आधी नकाशावर बघा. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे विमानतळ शहरापासून साधारण ८५ किलोमीटरवर आहे, आणि फ्रँकफर्टच्या नावातला हान तर शंभराच्या वर. चार जणांचं बसभाडं धरलं की स्वस्ताई संपते.

व्हिसाबद्दल जरा थांबून वाचा कारण इथली चूक नंतर निस्तरता येत नाही. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, एकच असला तरी अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे तुमच्या मर्जीवर नाही. ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा, आणि दिवस सारखे असतील तर ज्या देशातून पहिल्यांदा आत शिरणार त्याच्याकडे. म्हणजे आधी रात्रींचा हिशोब पक्का, मग अपॉइंटमेंट. लोक उलटं करतात, जिथे स्लॉट मिळाला तिथे अर्ज टाकतात आणि मग प्लॅन त्यात कोंबत बसतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि अगदी उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण उन्हाळ्याच्या सीझनला शेवटच्या तारखेवर अवलंबून राहू नका. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांखालच्या मुलांना ४५, आणि ६ वर्षांखाली काही नाही. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू हवा, मुलांच्या पासपोर्टची मुदत कमी असते ते आधी तपासा. लंडन यात येत नाही, त्याचा व्हिसा वेगळा. आणि पॅरिस करून लंडनला जाऊन पुन्हा शेंगेनमध्ये येणार असाल तर सिंगल एंट्रीचा व्हिसा चालणार नाही.

आता बंद दिवस. पॅरिसमध्ये लूव्र म्युझियम मंगळवारी बंद, ओर्से म्युझियम आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद, फ्लॉरेन्सची उफिझी आर्ट गॅलरी पण सोमवारी, व्हॅटिकनची म्युझियम्स रविवारी (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून). पॅरिसच्या दोनच रात्री ठेवल्यात आणि त्या सोमवार-मंगळवार आल्या तर काय उरलं सांगा. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद असतात, त्यामुळे शनिवारी दूध-ब्रेड घेऊन ठेवा, मोठ्या स्टेशनांवरची दुकानं तेवढी उघडी मिळतात. तिकिटांचं पण तसंच आहे. अ‍ॅमस्टरडॅमचं अ‍ॅन फ्रँकचं घर बघायचं तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची तिकिटं सुटतात आणि पटापट संपतात. लूव्र १८ वर्षांखालच्या मुलांना फुकट आहे पण फुकट आहे म्हणून वेळ बुक करायचीच नाही असं करू नका, मुलांचा स्लॉट पण आपल्याबरोबरच घ्या.

स्टेशनच्या नावात फसायला होतं. व्हेनिसला मेस्त्रे हे जमिनीवरचं स्टेशन, खऱ्या बेटावर उतरायचं तर सांता लुचिया. पॅरिसमध्ये मोठी स्टेशनं अनेक आहेत, अ‍ॅमस्टरडॅमहून येणारी गाडी गार द्यू नॉरला येते आणि स्वित्झर्लंडची गार द लियोंहून सुटते, मध्ये शहर ओलांडायचं. आरईआर डी ही लोकल ट्रेनची लाइन दोन स्टॉपमध्ये नेते तरी बॅगा आणि मुलं धरून तासाभराची फट ठेवाच.

रेल्वे पासबद्दल मला इतकंच म्हणायचंय की घ्यायच्या आधी आकडेमोड करा. युरेल पासवर, म्हणजे बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच रेल्वे पासवर, ४ ते ११ वर्षांची मुलं मोठ्यांबरोबर फुकट येतात (एका मोठ्यामागे दोन), हे खरंच चांगलं आहे, पण फ्रान्सच्या टीजीव्ही, युरोस्टार आणि इटलीच्या फास्ट गाड्यांना सीट रिझर्व्हेशनचे पैसे वेगळे पडतात आणि ते मुलांनाही लागतं. चारच प्रवास असतील तर लवकर काढलेली साधी तिकिटं बरेचदा स्वस्त पडतात. स्वित्झर्लंडमध्ये मात्र स्विस फॅमिली कार्ड विसरू नका, आई-बाबांबरोबर १६ वर्षांखालची मुलं फुकट फिरतात. गाडी भाड्याने घेणार असाल तर एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडायचा चार्ज आधी विचारा, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या मोटरवेला व्हिनेट (टोलचा स्टिकर) लागतं, आणि इटलीत जुन्या शहरांच्या झेडटीएल झोनमध्ये (जिथे बाहेरच्या गाड्यांना बंदी असते) शिरलात तर दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं.

जुलै-ऑगस्टच्या उन्हाला लोक हलक्यात घेतात. रोम-फ्लॉरेन्सला पारा ३५च्या वर सहज जातो, आणि जुन्या इमारतीतल्या बऱ्याच अपार्टमेंटमध्ये एसी नसतो, लिफ्ट पण नसते. फ्लॉरेन्सला आम्ही एसी बघून बुक केलं आणि लिफ्ट बघायची राहिली, चौथा मजला होता, सासूबाईंचे गुडघे पहिल्याच दिवशी बोलायला लागले. मग आम्ही वेळापत्रकच फिरवलं, सकाळी आठला बाहेर, एक वाजता परत, झोप, आणि पाचनंतर पुन्हा. जिने दिवसातून दोनदाच. युरोपात जूनमध्ये उशिरापर्यंत उजेड असतो, पॅरिसला तर सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे दुपार सोडली तरी दिवस कमी पडत नाही. रोमच्या रस्त्यांवरच्या नळांचं पाणी पिण्याचं असतं, रिकामी बाटली जवळ ठेवा.

आणि समजा सात देशांचं बुकिंग आधीच झालंय, तर? आधी कुठली हॉटेलं फुकटात कॅन्सल होतात ते बघा आणि एका रात्रीचा मुक्काम असलेली शहरं उडवा. त्यांच्याऐवजी मोठ्या मुक्कामावरून दिवसभराची फेरी करा. ब्रसेल्सहून ब्रूज तासाभरावर आहे, फ्लॉरेन्सहून पिसा पण तेवढंच, आणि बॅगा रूममध्येच राहतात.

डोंगराचा दिवस मात्र तारीख टाकून ठेवू नका. इंटरलाकेनहून ट्रेनने जायचं डोंगरावरचं ठिकाण, युंगफ्राउयोख, ३,४५४ मीटरवर आहे, ढग असले तर वर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही आणि तिकीट चांगलंच महाग आहे. आम्ही इंटरलाकेनच्या चार दिवसांपैकी कुठलाही एक असं ठेवलं होतं, रोज सकाळी वरच्या वेबकॅमवर बघायचो, पहिले दोन दिवस ढगच होते म्हणून खाली लाउटरब्रुनेनच्या धबधब्यांपाशी हिंडलो, आणि तिसऱ्या सकाळी धाकटीनेच फोन हातात घेऊन सगळ्यांना उठवलं की आज निळं दिसतंय, चला.