चार मित्र, दोन शहरं: बुडापेस्ट-क्राकोला निघण्याआधी

सगळ्यात आधी माणसं मोजा. "युरोपला जाऊ या रे" म्हटल्यावर हात वर करणारे आठ असतात, पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवणारे चार. हे चारच खरे. चारचा आकडा सोयीचाही आहे: एक टॅक्सी पुरते, दोन खोल्यांचं अपार्टमेंट पुरतं, आणि कुणी रुसलंच तर दोन-दोनच्या जोड्या करून दिवस निभावून नेता येतो. फोटो आला की त्याच दिवशी मुदत बघा. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट चालू हवा, गेल्या दहा वर्षांतला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. आमच्यातल्या एकाला हे व्हिसा केंद्राच्या रांगेत कळलं. नाव सांगत नाही, पण तो सीए आहे.

शहरं दोनच घ्या. बारा दिवसांत सात देश हे आईवडिलांच्या टूरला ठीक. खिसा सांभाळून आठवडाभर जायचं तर हंगेरीतलं बुडापेस्ट आणि पोलंडमधलं क्राको ही जोडी मला अजून तरी सगळ्यात परवडलेली वाटते. दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, पण युरो दोन्हीकडे चालत नाही आणि बराचसा स्वस्तपणा मध्यवस्तीतही टिकून आहे. प्राग आमच्या यादीतून पडलं. सुंदर आहे, पण जुन्या चौकाच्या आसपास खर्च हाताबाहेर जातो. पुरुषांच्या टोळक्यांना तर ते शहर विटलंय: रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात गाइड घेऊन एका पबमधून दुसऱ्यात फिरवणाऱ्या सहली तिथे 2024 मध्ये बंद केल्या. क्राकोतही 2023 पासून मध्यरात्री ते पहाटे साडेपाचपर्यंत दुकानांतून दारू मिळत नाही, आणि पोलंडमध्ये रस्त्यावर बिअरची बाटली उघडली की दंड. लग्नाआधीची पार्टी करायला येणाऱ्या ब्रिटिश पोरांनी यातलं बरंच ओढवून आणलंय. चार पुरुष एकत्र दिसले की हॉटेलवाला पहिल्या दिवशी जरा निरखून बघतो, त्यामागे हे आहे.

तारीख ठरवताना मार्चअखेर किंवा ऑक्टोबर धरा. डिसेंबरचे नाताळबाजार छान असतात, पण दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि दिवस हातातून जातो. सुट्ट्यांचं कॅलेंडर उघडून बघा. 23 ऑक्टोबरला हंगेरीत राष्ट्रीय सुट्टी असते, 1 नोव्हेंबरला पोलंडमध्ये बहुतेक सगळं बंद आणि लोक दफनभूमीत मेणबत्त्या लावायला जातात. (चुकून त्या संध्याकाळी तिथे असाल तर दफनभूमीवर जाच.) पोलंडमध्ये बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंदच, त्यामुळे खरेदी शनिवारी उरका.

आता व्हिसा. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज; रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. आम्ही बुडापेस्टला चार आणि क्राकोला तीन रात्री ठेवल्या, म्हणून हंगेरी. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि नियमाने शेवटची हद्द पंधरा दिवस असली तरी ती विसरा, उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंटच मिळत नाही. फी 90 युरो, वर केंद्राचं सेवाशुल्क. बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, ऑफिसचं रजेचं पत्र, खोल्यांचं बुकिंग, जायचं-यायचं तिकीट आणि किमान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा. प्रत्येकाची फाइल वेगळी, पण चौघांच्या तारखा आणि पत्ते एकसारखे असू द्या. ऐनवेळी खात्यात मोठी रक्कम आणून टाकू नका, ती लगेच डोळ्यांवर येते. खोल्या रद्द करता येतील अशाच घ्या. उतरल्यावर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत ऑक्टोबर 2025 पासून आली आहे, त्यामुळे दुसरं विमान पकडायचं असेल तर मध्ये चांगला वेळ राखा.

या दोन शहरांमध्ये बस स्लोवाकियातून जाते आणि अर्धा-पाऊण दिवस खाते. स्वस्त विमानाचा मोह झालाच तर तिकिटावरची बारीक अक्षरं वाचा. फुकटात फक्त सीटखाली मावेल एवढी सॅक नेता येते. ऑनलाइन चेक-इन विसरलात तर काउंटरवरचा दंड तिकिटापेक्षा मोठा असू शकतो, आणि आपल्यासारख्या व्हिसावाल्यांना काउंटरवर कागद दाखवावे लागू शकतात. म्हणून सॅक घरीच मेजपट्टीने मोजा, डोळ्यांनी नको.

सॅकेत काय, याबद्दल पुरुषांना सांगावं लागत नाही असं वाटतं, पण लागतं. तीन टीशर्ट, एक स्वेटर, वाऱ्या-पावसाचं जॅकेट, आणि घातलेले, पायाला सरावलेले बूट. नवे बूट आणू नका. दाढीचा फोम शंभर मिलीच्या आतला. पोहण्याची चड्डी, रबरी चपला आणि पातळ पंचा, कारण बुडापेस्टच्या गरम पाण्याच्या कुंडांवर या तिन्हींवाचून अडतं. चार्जर दोन पिनांचा असेल तर तसाच बसतो, तीन पिनांचा असेल तर ॲडॉप्टर घ्या. चिवडा, चकली, भडंग बिनधास्त. पेढे-बर्फी नको, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आणि घोरणारा कोण हे आधीच कबूल करा. आमच्यात दोघं निघाले, ते एका खोलीत. कानात घालायचे बोळे चारही जणांनी आणावेत, घोरणाऱ्यांनीसुद्धा.

आता आरक्षणं. आउश्वित्झला, म्हणजे नाझींच्या मृत्युछावणीच्या जागी, जायचं की नाही हे पुण्यातच ठरवा, क्राकोत सकाळी नाश्ता करता करता नव्हे. जागा क्राकोपासून साधारण सत्तर किलोमीटरवर आहे. प्रवेशाला पैसे नाहीत, गाइडचे आहेत, पण नोंदणी संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर आपापल्या नावाने करावी लागते आणि बऱ्याच आधी भरते. पासपोर्ट सोबत हवा, पिशवी लहान हवी. अकरा लाखांच्या आसपास माणसं तिथे मारली गेली. त्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका, आम्ही पबचं टेबल धरून ठेवलं होतं आणि कुणी गेलंच नाही. विएलिच्काच्या मिठाच्या खाणीत आठशेवर पायऱ्या आहेत, ज्याचा गुडघा कुरकुरतो त्याला आधी सांगा. बुडापेस्टला सेचेन्यी हे 1913 चं भलंमोठं स्नानगृह सगळ्यांसाठी, शनिवार-रविवारी महाग. रुदाशचं तुर्की कुंड सोळाव्या शतकातलं, काही वारी फक्त पुरुषांसाठी. तिथे कमरेला बांधायला एक पांढरं फडकं देतात, ज्याला पुढची बाजू आहे, मागची नाही. वार बघून जा, आणि लाजाळू मित्राला आधी कल्पना द्या.

पोलंडला जायच्या आधी जमलं तर कोल्हापूरला महावीर उद्यानातला स्मृतिस्तंभ बघून या. दुसऱ्या महायुद्धात, 1943 ते 1948 या काळात, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. आमच्यातला एक कोल्हापूरचा. क्राकोच्या घरमालकीणबाईंनी गाव विचारलं, त्याने सांगितलं, आणि पुढचे तीन दिवस आमच्या नाश्त्याला सफरचंदाचा केक होता.

पैशांची तयारी म्हणजे दोन पाढे. हंगेरीचे शंभर फोरिंट म्हणजे साधारण पंचवीस रुपये, पोलंडची एक झ्लॉटीही जवळपास तेवढीच. म्हणजे बुडापेस्टमध्ये दोन शून्यं उडवून पंचविसाने गुणा, क्राकोत सरळ गुणा. फॉरेक्स कार्ड दोघांकडे, साधं कार्ड बाकी दोघांकडे. मशीन "रुपयांत की स्थानिक चलनात" विचारतं तेव्हा दरवेळी स्थानिक चलन. विमानतळावर नोटा बदलू नका. बुडापेस्टच्या बिलात दहा-पंधरा टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असू शकतं, त्यावर पुन्हा टीप नको. आणि पोलंडमध्ये नोट देताना "जेंकुये" म्हणजे धन्यवाद म्हणालात की उरलेले पैसे वेटरचे. पन्नास झ्लॉटी घालवून आम्ही हे शिकलो. आभार सुटे हातात आल्यावर माना.

एका गोष्टीवर चौघांनी मान डोलवून ठेवा. बुडापेस्टच्या वात्सी रस्त्यावर संध्याकाळी दोन हसऱ्या मुली नकाशा विचारतात, मग जवळच्या बारमध्ये चला म्हणतात, आणि चार पेयांचं बिल तुमच्या विमानतिकिटाएवढं येतं. क्राकोच्या चौकात हेच काम छत्रीवाल्या मुली करतात. याला फसणारे जवळजवळ सगळे पुरुष, आणि त्यातले बरेच स्वतःला हुशार समजणारे. काझिन्त्सी रस्त्यावरच्या जुन्या पडक्या वाड्यांतले बार आपण होऊन शोधत जा, तिथे दरपत्रक भिंतीवर असतं.

बुडापेस्टच्या विमानतळावरून शहरात जाणाऱ्या 100ई बसचं तिकीट वेगळं असतं, नेहमीचं चालत नाही. मेट्रोत शिरताना कागदी तिकीट मशीनमध्ये टोचून घ्या, तपासनीस अनेकदा दारातच उभे असतात आणि पर्यटक म्हणून सोडत नाहीत. तीन दिवसांचा पास घेतला की ही कटकट संपते. 1896 ची पिवळी मेट्रो आणि नदीकाठची दोन नंबरची ट्राम मग कितीही वेळा. शाकाहारी मित्रासाठी बुडापेस्टला लांगोश, म्हणजे तळलेली जाड पुरी, क्राकोत पिएरोगी रुस्किए, म्हणजे बटाटा-चीज भरलेले मोमोसारखे उकडलेले पदार्थ. वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे नकोत हे मात्र सांगावं लागतं, ते वाक्य पोलिशमध्ये लिहून फोनमध्ये ठेवा.

निघायच्या आदल्या रात्री उरलेले फोरिंट आणि झ्लॉटी एकत्र करा. नोटा तिथेच बदला, पुण्यात त्यांना विचारणारा भेटणं कठीण. नाण्यांची बुडापेस्टच्या मंडईतून तिखटाची पाकिटं घ्या, घरी गेल्यावर दारातच विचारणा होणार आहे.