या चुका टाळा: ऑफिसातले कडक नियम आणि कीबोर्डखालच्या चिठ्ठ्या

नव्या ऑफिसच्या कॉम्प्युटरची देखभाल अंगावर घेतली की मी आधी टेबलांवरून एक चक्कर मारतो. कीबोर्डखाली, मॉनिटरच्या कडेला, कॅलेंडरमागे पासवर्डच्या चिठ्ठ्या सापडतातच. मालक लगेच स्टाफवर चिडतात. मी विचारतो, नियम कोणी केले?

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती. ही मी स्वतः केली आहे. एका सीएंच्या ऑफिसात २२ मशीन होती. ३० दिवसांची मुदत, एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, जुना पासवर्ड पुन्हा चालणार नाही आणि तीनदा चुकला की खातं बंद, असं सगळं मी एकाच दिवशी लावलं. त्यामुळे सगळ्यांची मुदतही एकाच दिवशी संपायची. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, ३१ तारखेच्या रिटर्नची घाई चालू असताना, सकाळी सात जणांची खाती एकदम बंद पडली. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला होतो. पोचेपर्यंत दोन तास गेले.

तिथल्या सर्वांत जुन्या काकूंनी मला एक डायरी दाखवली. तिच्यात अख्ख्या ऑफिसचे पासवर्ड होते. बहुतेक सगळे एकाच साच्याचे: फर्मचं नाव, पुढे @, पुढे महिन्याचा आकडा. जुलैचा कळला की ऑगस्टचा सांगायला नको. “तुम्ही येईपर्यंत पार्टी थांबते का हो? काम अडू नये म्हणून लिहून ठेवते,” काकू म्हणाल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्या नियमाने २२ कुलपांची एक किल्ली करून ठेवली होती.

हा नियम ज्यामुळे रुळला, त्या अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी मानक संस्थेच्या २००३ सालच्या पुस्तिकेतला पासवर्डचा भाग बिल बर यांनी लिहिला होता. त्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असं त्यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी निस्टने ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, असं लिहिलं. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये विंडोजच्या आपल्या शिफारशींतून ही मुदत काढली. तरी आपल्याकडे मुदत नसली की ऑफिस ढिसाळ समजतात. तुमच्या ऑडिटमध्ये मुदतीची अट असेल तर ती पाळावीच लागेल. नसेल तर मी असं करतो: एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहायचे. कोणी नोकरी सोडली किंवा संशय आला, तरच बदलायचे. मेलला आणि बाहेरून होणाऱ्या लॉगिनला मोबाइलवरचा कोड हवाच. दहा चुकांनंतर खातं बंद, पण १५ मिनिटांनी आपोआप उघडणारं.

दुसरी चूक, पर्याय न देता बंदी घालायची. एका कारखान्यात पेनड्राइव्ह बंद केले. ड्रॉइंगच्या फाइली मोठ्या, मेलमधून जाईनात. आठवड्याभरात ग्राहकाची गोपनीय ड्रॉइंग पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून आणि फुकटच्या साइटवरून फिरू लागली. मालक मात्र निर्धास्त. पेनड्राइव्हचा निदान हिशेब ठेवता आला असता. मी आधी कंपनीचं शेअर फोल्डर चालू करतो, सगळ्यात कमी कॉम्प्युटर जमणाऱ्या माणसाला त्यावरून फाइल पाठवायला लावतो, आणि त्याला जमल्यावरच पेनड्राइव्हचं पोर्ट बंद करतो. एक व्हिडिओ बघून ग्रुप पॉलिसीतल्या (सगळ्या मशीनना एकदम नियम लावायची विंडोजची सोय) सगळ्या चौकटींवर टिक मारणाऱ्या नव्या मुलांना एवढा धीर नसतो. निस्तरायला मग दुसऱ्याला जावं लागतं.

काउंटरवरच्या मशीनला दोन मिनिटांत लॉक लावू नका. रोखपाल नोटा मोजत असतो. दहा मिनिटं ठेवा आणि उठताना विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाबून लॉक करायची सवय लावा.

अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर चालेना म्हणून सगळ्यांना अ‍ॅडमिन करणं, म्हणजे मशीनवरचे सगळे अधिकार देणं, हा निव्वळ आळस आहे. त्या फोल्डरपुरती परवानगी द्या.

अपडेट भर कामात येतात म्हणून कायमचे बंद करू नका. वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने १२ मे २०१७ ला जगभर मशीन लॉक केली. तो विंडोजच्या ज्या भोकातून शिरला, त्याचं ठिगळ अपडेटमधून मार्चमध्येच आलं होतं. संध्याकाळची वेळ ठरवा आणि आदल्या दिवशी सांगा.

बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा. लावलेलीच राहिली तर रॅन्समवेअर, म्हणजे असा खंडणीचा व्हायरस, तीही लॉक करतं.

आणि चुकीच्या लिंकवर क्लिक केलेल्या माणसाला चारचौघांत झापू नका. एका ठिकाणी अकाउंटंटने भीतीपोटी दोन दिवस तोंड उघडलं नाही. तोवर त्याच्या मेलवरून पार्ट्यांना खोटी बिलं गेली होती. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्या संस्थेला कळवायची असते. पण मुळात ती आपल्या लक्षात आणून देणारा तो अकाउंटंटच असतो. असा फोन आला की मी आधी “बरं झालं लगेच सांगितलंत” म्हणतो, नेटची केबल काढायला लावतो, आणि मग काय झालं ते विचारतो.