टोमॅटो पेस्ट पातळ होते, करपते, बुरसते? या चुका टाळा

टोमॅटोत जवळजवळ 95 टक्के पाणी असतं. ते आटवलं की झाली पेस्ट. एक किलो टोमॅटोतून जेमतेम 150 ग्रॅम हाती येते, म्हणून एक चूकसुद्धा जिवाला लागते.

पहिली चूक गॅस पेटवायच्या आधीच होते. टोमॅटो चिरून तसेच ठेवले की फोडींतली एंझाइम्स पेक्टिन तोडू लागतात. गराला दाटपणा देतं ते हे पेक्टिनच. मग कितीही आटवा, गर एकीकडे आणि पाणी एकीकडे. त्यामुळे थोडे टोमॅटो चिरा, लगेच तापलेल्या पातेल्यात टाका, उकळी फुटू द्या, मग पुढचे चिरा. उकळीत ही एंझाइम्स निकामी होतात. टोमॅटो लांबट, गरदार आणि कमी बियांचे घ्या.

भांडं रुंद आणि जाड बुडाचं हवं, शक्यतो स्टीलचं. ॲल्युमिनियम किंवा लोखंडाला टोमॅटोचं आम्ल लागतं आणि चव बिघडते. झाकण ठेवू नका. मीठही सुरुवातीला नको, कारण पाणी आटतं पण मीठ तेवढंच राहतं.

खरी परीक्षा शेवटच्या वीस मिनिटांत असते. गर फटफट उडायला लागला की आच अगदी मंद करा आणि तिथून हलू नका. मी एकदा दार उघडायला गेले, परत येईपर्यंत बुडाला लागलं होतं. घाईघाईने खरवडलं आणि करपट वास सगळ्या पातेल्यात उतरला. तसं झालं तर खरवडू नका, वरचा गर अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. उलथनं ओढल्यावर बुडावर रेघ तशीच राहिली आणि बशीत ठेवलेल्या गोळ्याभोवती पाण्याची कड दिसली नाही, की पेस्ट झाली.

आंबटपणा मारायला खाण्याचा सोडा घालणं मला सगळ्यात घातक वाटतं. टोमॅटोला टिकवतो तो हा आंबटपणाच. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा वाढला की आंबटपणा कमी. तो 4.6 च्या वर गेला तर बंद बाटलीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात, आणि त्यांचं विष वासावरून किंवा रंगावरून ओळखू येत नाही. वर तेलाचा थर दिला की काम झालं, हाही गैरसमज. तेलाने हवा अडते, पण या जिवाणूंना हवा नकोच असते. बाटल्या भरून बाहेर ठेवण्यापेक्षा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागेल तशी एकेक वडी काढा. फ्रिजमधली आठवड्याभरात संपवा, चमचा कोरडा वापरा. बुरशी दिसली तर वरवर काढून उरलेली वापरू नका, सगळी टाकून द्या.

वापरताना पेस्ट थेट रश्शात सोडली की कच्चट लागते. आधी तेलात परता, लाल रंग विटकरी होऊन तेल सुटेपर्यंत. चवीखेरीज याचा आणखी एक फायदा आहे: टोमॅटोतलं लायकोपीन, म्हणजे त्याला लाल रंग देणारं द्रव्य, शिजवल्यावर आणि तेलासोबत शरीराला जास्त मिळतं. क जीवनसत्त्व मात्र उष्णतेने कमी होतं, त्यासाठी कच्चा टोमॅटोही खात जा. आणि घरात कुणाला मूत्रपिंडाच्या आजारामुळे पोटॅशियम कमी घ्यायला सांगितलं असेल, तर पेस्ट डॉक्टरांना विचारूनच द्या. पाणी आटलं तरी पोटॅशियम आटत नाही, एका चमच्यात कितीतरी जास्त साठलेलं असतं.