जनावरांत हात घालण्याआधी

गमबूट, जुने कपडे, कापलेली नखं. हे कुणीही सांगेल. पण पशुवैद्यक व्हायचंय म्हणून निवारा केंद्रात, गोठ्यावर किंवा दवाखान्यात हात मळवायला निघाला असाल, तर त्याआधी रेबीजची लस. पहिल्या दिवसाच्या आधी. ‘नंतर बघू’ नाही.

मी ‘नंतर बघू’ म्हटलं होतं. तिसऱ्याच आठवड्यात एक कुत्री आली. खालचा जबडा लोंबतोय, लाळेची तार जमिनीला टेकलेली. आणणारा म्हणाला, घशात हाड अडकलंय. डॉक्टर दुसऱ्या टेबलाशी गुंतलेले. मी हुशारी केली आणि उघड्या हाताने तिच्या तोंडात बोटं घातली. हाड नव्हतंच. अंगठ्याच्या नखाशेजारी दाताची बारीक रेघ तेवढी उठली. दोन दिवसांत कुत्री गेली, मेंदूच्या तपासणीत रेबीज निघाला. मग अख्खा कोर्स, शिवाय त्या रेघेभोवती इम्युनोग्लोबुलिनची (तयार प्रतिपिंडांची) सुई. अंगठ्याला मांस असतं किती!

तर जबडा लोंबतोय, गिळता येत नाही, असं जनावर दिसलं की हाड शोधायचं नाही, आधी रेबीजचा संशय घ्यायचा. गायीचंही तसंच, तीही काहीतरी अडकल्यासारखी करते.

आधीची लस म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या वेळापत्रकानुसार ० (म्हणजे पहिल्या मात्रेच्या) आणि ७व्या दिवशी अशा दोन मात्रा; भारतात २१व्या किंवा २८व्या दिवशी तिसरीही देतात. ती झालेली असेल तर पुढे चावा बसला तरी १५ मिनिटं साबण-पाण्याने जखम धुवायची, ० आणि ३ऱ्या दिवशी दोन मात्रा घ्यायच्या, आणि इम्युनोग्लोबुलिन लागत नाही. अंगात प्रतिकारशक्ती यायला वेळ लागतो, म्हणून निदान महिनाभर आधी सुरू करा. चावा बसला की डॉक्टर गाठायचाच, लस झाली असली तरी. धनुर्वाताचंही त्याच फेरीत उरका.

हातमोजे खिशात नकोत, हातात हवेत. व्यायल्यावर वार (गर्भाचं वेष्टन) अडकलेल्या किंवा गाभ टाकलेल्या गायीला उघडा हात लावलात तर ब्रुसेलोसिस होऊ शकतो. तापाचा तो आजार महिनोन् महिने पिच्छा सोडत नाही.

पहिले काही दिवस नुसतं बघा. निरोगी जनावर कसं असतं ते कळल्याशिवाय आजारी काय ओळखणार? गायीच्या डाव्या भकाळीत (बरगड्यांमागच्या खळग्यात) मूठ दाबून उभे राहा. कोठीपोट (गायीच्या पोटाचा पहिला, सर्वांत मोठा कप्पा) हाताला आतून ढकलतं, दोन मिनिटांत साधारण तीनदा. अंगाचं तापमान १०१.५ फॅरनहाइटच्या आसपास असला तर ठीक. घोडा लाथ सरळ मागे झाडतो, गाय पाय पुढून फिरवून कडेलाही मारते. त्यामुळे ‘मी बाजूला उभा होतो’ ही सबब गायीपुढे चालत नाही.

नोंदवही ठेवा: तारीख, तास, जनावर, काय केलं, आणि डॉक्टरांची सही त्याच दिवशी. डॉक्टर बदलून जातात.

एकाच जातीच्या जनावरांत अडकू नका. मांजराला टॉवेलात गुंडाळून धरा. शेण, मूत, पिंजरे धुणं येणारच. एखाद्या जनावराला शांतपणे मरण देताना जवळ थांबायची परवानगी मिळाली तर थांबा, जमतंय का ते तिथे कळेल. प्रवेश परीक्षेचं तुम्ही बघालच.

आणि लसीची तारीख अजून ठरली नसेल तर गमबूट घ्यायलासुद्धा बाहेर पडू नका.