खेळण्यातली तलवार, ढाल पुन्हा रंगवताय? या चुका टाळा

बाहुल्याच्या हातातली तलवार मोडते, ढालीचे टवके उडतात. दुरुस्ती फसली की बोल रंगाला लागतो. घोटाळा मात्र बहुतेकदा खालच्या प्लास्टिकमध्ये असतो.

प्लास्टिक न ओळखणे. भांड्यात पाणी घ्या, साबणाचा एक थेंब टाका, तुकडा बुडवून बुडबुडे झटका आणि सोडा. तरंगला तर पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन: त्यावर नेहमीचा गोंद धरत नाही, रंगही नखाने निघतो. त्यासाठीचा खास प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) नसेल तर नादी लागू नका. बुडाला आणि सहज वाकतो, तर बहुधा मऊ पीव्हीसी. बुडाला आणि कडक आहे, तर बहुधा एबीएस किंवा पॉलिस्टायरीन, काम सोपे.

मऊ पीव्हीसीवर स्प्रे मारणे. सर्वाधिक तुकडे इथेच वाया जातात. पीव्हीसी लवचीक राहावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर असते. ते हळूहळू वर येऊन स्प्रेसारख्या द्रावकाच्या (पाण्याच्या नव्हे) रंगात मुरते आणि रंग महिनाभरानेही बोटाला चिकटतो. वरून वार्निश मारल्याने काही सुधारत नाही. तो चिकट रंगाचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या बोळ्याने पुसा (आधी न दिसणाऱ्या बाजूला करून पाहा), कोमट साबणपाण्याने धुवा, मग पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकचे दोन-तीन पातळ हात ब्रशने द्या. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र लांबच ठेवा. त्यातले अ‍ॅसिटोन एबीएस आणि पॉलिस्टायरीन विरघळवते.

वाकलेले पाते थंड असताना सरळ करू नका, पांढरी रेघ उमटते. मऊ पीव्हीसी गरम पाण्यात (उकळत्या नव्हे) अर्धा-एक मिनिट धरा, सरळ करा आणि तसेच धरून थंड पाण्यात बुडवा.

नुसत्या सुपरग्लूवर भरवसा. जोड कडक होतो पण ठिसूळ राहतो. पहिल्याच आपटीत सुटतो. दोन्ही टोकांना हातड्रिलने १ मिमीचे, ४-५ मिमी खोल भोक पाडा आणि आत किंचित बारीक पितळी तार बसवा. भोके समोरासमोर येण्यासाठी एका टोकाच्या मध्यावर ओल्या रंगाचा ठिपका द्या व दुसरे टोक त्यावर टेका. गोंद टाचणीच्या टोकाने लावा. जास्त झाला की त्याच्याच वाफेने भोवती पांढरी साय धरते. उडालेला कोपरा दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीने भरा आणि २४ तास हात लावू नका. सुपरग्लूवर खायचा सोडा टाकला तर क्षणात घट्ट होते खरे, पण भराव प्लास्टिकपेक्षा टणक होतो आणि घासताना शेजारचेच झिजते.

कोरडे घासणे. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसे असू शकते. ४००, ६०० मग १००० नंबरचा वॉटरपेपर, तोही ओलाच वापरा. असा तुकडा लहान मुलाच्या हाती देऊ नका.

कडक तुकड्यावर प्रायमर साधारण २०-२५ सेंमीवरून मारा. फार लांबून मारल्यास रंग हवेतच वाळून खरखरीत बसतो, जवळून ओघळतो. दमट दिवशी वार्निश पांढुरके पडते, तेव्हा थांबा.

बाहुल्याच्या मुठीत जाणारा दांडा मास्किंग टेपने झाका. तो भाग रंगवला तर रंगाच्या थराने जाड होतो, बसवताना खरवडतो आणि जोर लावला की बाहुल्याचा अंगठाच तुटतो.