पिणारा आणि गोळ्या चालू असलेला: गटनिवासातले पहिले दिवस

रोज पिणारा माणूस गटनिवासात, म्हणजे मानसिक आजारातून सावरणारे देखरेखीखाली एकत्र राहतात त्या घरात, राहायला आला की आधी विचारा, शेवटचा पेग कधी? वेळ वहीत लिहा. दारू एकदम तोडल्यावर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते; भ्रम, ताप बहुधा दोन-तीन दिवसांनी. म्हणून दारातच ‘आजपासून बंद’ची शपथ नको, आधी डॉक्टर.

लिथियम (मनाच्या टोकाच्या चढ-उतारांच्या आजारावरची गोळी) चालू असेल तर जुलाब-उलट्यांत अंगातलं पाणी घटतं आणि रक्तातलं औषध चढतं. हात जास्त थरथरतात, जीभ जड होते, तोल जातो. सगळे म्हणतात, ‘पुन्हा प्यायला’, आणि झोपायला पाठवतात. घात इथेच होतो! पुढची गोळी देऊ नका, थेट रुग्णालय गाठा.

खरंच पिऊन आला तर रात्री वाद घालू नका. कुशीवर झोपवा, श्वास बघत राहा; हलवूनही जागा होत नसेल तर १०८. बाकी बोलणं सकाळी, चहानंतर.